पोटभर, पाच वेळा

कार्डिफ, ४ फेब्रुवारी २०१०

हूयो,

हे पत्र जामा नावाचे गृहस्थ आणून देतील. ते दहाबो आत्याच्या ओळखीचे आहेत, भाचीच्या लग्नासाठी नैरोबीला चालले आहेत. पाकीट चिकटवलेलं आहे. फाटलेलं दिसलं तर मला कळव. तुला वाचता येतं, हे मला आठवतं. तेव्हा तुमच्या इस्ली वस्तीतल्या कोणत्याही शेजारणीला हे वाचून दाखवायला सांगू नकोस.

फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर आपण मायलेकी एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करतो आणि तेवढ्यात कार्ड संपतं. मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि तिचं उत्तर एका आकड्यात मावतं. त्याआधी थोडं सांगावं लागेल.

माझं लग्न ठरलं आहे. मुलाचं नाव समतर. मूळचा आपल्याच हर्गेसाचा, बाबांच्याच कुळातल्या माणसांपैकी. इथे शाळेची बस चालवतो. माझ्यापेक्षा साडेचार वर्षांनी लहान आहे. हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, "सोयीचं आहे. सकाळी त्याला त्याच्याच बसमध्ये बसवून शाळेत सोडत जा." पण आता तिला तो आवडतो. तिचं कपडे धुण्याचं यंत्र त्याने दुरुस्त केलं. मीही करू शकले असते, पण मी केलं असतं तर कौतुक झालं नसतं.

गेल्या रविवारी त्याची आजी अर्दो शेफील्डहून मला बघायला आली. समतरची आई बावीस वर्षांपूर्वी, हर्गेसातल्या लढाईच्या पहिल्याच आठवड्यात, तोफेच्या माऱ्यात गेली. त्याला वाढवलं ते या आजीने. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "पोरी, तुझी आई कुठली?"

आत्या मध्येच बोलली. "आईचं कशाला? बापाच्या वीस पिढ्या घडाघडा म्हणून दाखवेल ती."

"त्या पुरुषांना ऐकवू दे. मला आईचं सांग."

मी सांगितलं. आई दक्षिणेची, नाव कालतून. आजीने चहाचा पेला खाली ठेवला.

"पुढच्या दातांत फट? बरोबर एक मुलगी, मुलीच्या हातात किटली?"

तेव्हा किटली माझ्याच हातात होती. मी हो म्हटलं.

"त्या बाईने या पोराला पाजलं आहे," आजी म्हणाली. "सीमेच्या वाटेवर. मी कुठलीही शपथ घ्यायला तयार आहे."

समतरच्या काकांनी उचललेला सांबूसा परत ताटलीत ठेवला.

दुधाच्या नात्याचा नियम तुला माहीत असेल, तरी लिहिते, म्हणजे गैरसमज राहणार नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाने एखाद्या बाईचं दूध पाच वेळा पोटभर घेतलं, तर ती त्याची आई होते आणि तिची मुलं त्याची भावंडं. चारदा घेतलं तर काहीच होत नाही. त्याच संध्याकाळी शेख बशीरना बोलावलं. ते म्हणाले, "मुलाने आपणहून तोंड बाजूला केलं की ते एक. अशी पाच. चार असतील तर निकाह मीच लावीन आणि जेवायलाही येईन. पण ते मी ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. पाजणारीला विचारा."

अर्दो आजीला आकडा सांगता येत नाही. ती म्हणते, "मी तापाने फणफणले होते. ती पोराला घेऊन झाडाआड जायची. मी काय तिची पाजणी मोजत होते? मी विमानं मोजत होते."

म्हणून तुला विचारते. तेव्हा दीड वर्षाचा असलेल्या या मुलाला तू किती वेळा पाजलंस? त्यातल्या किती वेळा तो पोटभर प्यायला? अंदाजाने लिहू नकोस. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही.

तू मला निर्वासितांच्या छावणीत ठेवून मामांकडे का गेलीस, हे मी विचारत नाही. त्याचा इथे संबंध नाही.

इदिल

कार्डिफ, २३ फेब्रुवारी

हूयो,

जामा परत आले. म्हणाले, तू त्यांना जेवल्याशिवाय उठू दिलं नाहीस. पाकीट उशीखाली ठेवलंस आणि ते असेपर्यंत उघडलं नाहीस. त्यानंतर उघडलं असशील असं धरून चालते.

तुझं उत्तर नाही. कदाचित तुला आठवायला काही आधार हवा असेल. माझ्याकडे जे आहे ते देते. जिथे खात्री नाही तिथे तसं लिहिते.

बाबांना लढाईच्या आदल्या आठवड्यात नेलं. सरकारची दोन माणसं आली होती. बाबांनी चप्पल काढून बूट घातले, तेव्हा मला वाटलं ते कामावर चालले आहेत. याची खात्री आहे.

सरकारचं विमान आपल्याच विमानतळावरून उडायचं, आपल्याच गावावर बॉम्ब टाकायचं आणि तिथेच परत उतरायचं. मला ते सगळं एकच विमान वाटायचं. मी तुला विचारलं होतं, याला दुसरं काही काम नाही का? तू काय म्हणालीस ते आठवत नाही.

मग वाट. दिवसा काटेरी झुडपांखाली बसून राहायचं, अंधार पडला की चालायचं. किटली माझ्याकडे होती आणि तुझ्या पाठीवर गाठोडं. आत्या सांगते, त्यात पीठ होतं. आत्या तेव्हा आपल्याबरोबर नव्हती, दुसऱ्या वाटेने छावणीत आली, हे आता लिहिताना लक्षात येतंय. पुढे कधीतरी गाठोडं संपलं आणि तू मला पाठीवर घेतलंस. मला फार आनंद झाला होता. सहा वर्षांची मुलगी चालायला मोठी आणि उचलायलाही मोठी, असं तूच म्हणायचीस, आणि तरी घेतलंस. मी तुझ्या मानेत तोंड खुपसून झोपले. याची पूर्ण खात्री आहे.

छावणीतलं थोडं आठवतं. तू दक्षिणेची आणि मामा सरकारच्या फौजेत, म्हणून पाण्याच्या रांगेत बायका तुला पुढे येऊ देत नव्हत्या. एक म्हणाली, "तुझ्या भावाला सांग की, विमानातून टाकेल पाणी." बाकीच्या हसल्या. तूही हसलीस. मला ते आवडलं नव्हतं.

आणि अयानले. माझा तान्हा भाऊ वाटेवर नव्हता. मामा गणवेशात आले आणि ईदच्या आधी त्याला विमानाने मोगदिशूला घेऊन गेले, असं मला सांगितलं गेलं. एका मुलाला विमान मिळालं, दुसरीला पायवाट. तू छावणी सोडलीस ती त्याच्याकडे जायला, असं मी बावीस वर्षं धरून चालले. म्हणून तो कसा आहे, हे मी तुला फोनवर कधी विचारलं नाही.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. मी इस्पितळातली यंत्रं तपासते, हे तुला आत्याने सांगितलं असेल. सलाईनचे पंप, वजनकाटे, बाळांच्या काचेच्या पेट्या. आईचं दूध काढायचे पंपही त्यातच येतात. त्यांची ओढ किती आहे ते मोजायचं, कमी-जास्त असेल तर सारखं करायचं. सोमवारी प्रसूतीच्या वॉर्डात एका पंपाची ओढ कमी दाखवत होती. नर्स घाई करत होती. ज्या बाईसाठी तो पंप हवा होता तिचं बाळ दुसऱ्या गावच्या इस्पितळात हलवलं होतं. नर्स म्हणाली, "लवकर दे गं. बाळ जवळ नसलं की बघता बघता आटतं. दोन-तीन आठवड्यांत काही उरत नाही."

असे पंप मी चार वर्षं तपासते आहे.

ईदनंतर पंधरवड्याने लढाई लागली. त्यानंतर काही दिवस आपण घरातच पलंगाखाली होतो. मग वाट. अयानले ईदच्या आधीच गेला असेल तर वाटेवर तुला दूध असायला नको होतं.

शनिवारी मी शेफील्डला जाऊन आले. समतरला सांगितलं नाही. अर्दो आजी टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत होती आणि त्या बाईला नावं ठेवत होती. मी विचारलं, "आजी, त्या बाईकडे स्वतःचं तान्हं होतं का?"

"तुला नाही माहीत?"

"तो आधीच विमानाने गेला होता, असं आत्या सांगते."

"विमानाने," आजी म्हणाली. तिने टीव्ही बंद करायला सांगितला. मग हाताने सतरंजीच्या गोंड्यांना वेणी घालत बसली. "पोरी, मी म्हातारी आहे, मला यात ओढू नकोस. तुझ्या आईला विचार."

पहिल्या पत्रात एक प्रश्न होता. आता दोन आहेत. अयानले कुठे आहे?

इदिल

कार्डिफ, १० मार्च

हूयो,

काल तू फोनवर जे बोललीस ते लिहून काढते आहे. मी नुसतं "हं" म्हणत होते. तुला वाटलं असेल, मी ऐकत नाही.

अयानले तुझ्या पाठीवर होता. आठ महिन्यांचा. पीठ नव्हतंच. रडणाऱ्या मुलांच्या आयांना लोक दूर बसायला सांगत होते, विमानाला ऐकू जाईल म्हणून. विमानाला ऐकू जात नाही, हे तुलाही माहीत होतं आणि त्यांनाही. अयानले रडत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तो तोंड लावत नव्हता. शेजारच्या झुडपाखालच्या बायका म्हणाल्या, किती शहाणं बाळ आहे, जरा आमच्यांना शिकव म्हणावं. तुला बरं वाटलं. दुपारी तू त्याला पाठीवरून सोडलंस तेव्हा तो गेलेला होता. केव्हा गेला ते तुला माहीत नाही.

अर्दो आजी तापात होती, तरी उठून बसली. तिने त्याला वाळूने आंघोळ घातली. किटलीत पाणी होतं. ते माझ्यासाठी ठेवलेलं होतं.

कोरड्या नदीच्या काठाशी पुरलंत. खूण करायला दगड होते, पण तिथे सगळीकडे तसेच दगड होते.

त्यानंतरचं मी तुझ्याच शब्दांत लिहिते, मी तुला म्हणते तसं तूही मला हूयो म्हणालीस तेही. "संध्याकाळपर्यंत माझे कपडे भिजले. छाती दगड झाली. म्हातारीचं पोर वाळू चाटत होतं. मी दया केली असं लोकांना वाटलं असेल. मला दया-बिया काही नव्हती, हूयो. मला दुखत होतं. ते पोर जवळ होतं, त्याला ओढून घेतलं." आणि पाठ रिकामी झाली होती, म्हणून मला उचललंस.

हे मला कोणी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तू म्हणालीस, दहाबोला विचार. मी विचारलं. आत्या भांडी घासत होती, मागे वळली नाही. "सहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं होतं? रोज विचारायचीस, बाळ कुठे, बाळ कुठे. विमान म्हटलं की गप्प बसायचीस. विमानाचं तुला पटायचं."

"आणि मोठी झाल्यावर?"

"मोठी झाल्यावर तू विचारलंस कुठे?"

ते बरोबर आहे. तुला छावणीतून जायला तिनेच सांगितलं, हेही तिने नाकारलं नाही. मुलगी आमच्या रक्ताची, तिला आम्ही बघू, तू इथे राहिलीस तर तिलाही रांगेत पाणी मिळायचं नाही. "मिळालं असतं का?" आत्याने मलाच विचारलं. "तूच सांग, तू हुशार आहेस."

शेवटी मी आकडा विचारला. तू म्हणालीस, "किती हवे आहेत, हूयो?"

मी म्हटलं, "खरे."

"खरं म्हणजे वाट संपेपर्यंत. रोज. मला बघितलं की तो दोन्ही हात पुढे करायचा. पाच तर पहिल्या दोन दिवसांतच झाले असतील. पण कोणी पाहिलेलं नाही. म्हातारीला शुद्ध नव्हती. तुझ्या शेखने विचारलं तर मी चार सांगेन. तीन सांगेन. मी तुला काही दिलेलं नाही, एवढं तरी देऊ दे."

मग कार्ड संपलं. तुझं की माझं, कळलं नाही.

शेख बशीर परवा, शुक्रवारी, नमाजानंतर आत्याच्या घरून तुला फोन लावणार आहेत. हे पत्र त्याआधी पोचणार नाही. ते मला माहीत आहे आणि म्हणूनच लिहिते आहे. खरं सांग, असं मी तुला फोन करून म्हणू शकते. खोटं सांग, असंही. काल रात्रीपासून फोन टेबलावर आहे आणि मी दोन्हींपैकी एकही केलेलं नाही.

मला समतर हवा आहे. हे वाक्य पहिल्या दोन पत्रांत यायला हवं होतं.

इदिल

कार्डिफ, १४ मार्च

हूयो,

तू चांगलं खोटं बोलतेस.

शुक्रवारी आत्याच्या बैठकीत फोन मधोमध ठेवला होता, सगळ्यांना ऐकू येईल असा. शेख, समतर, त्याचे काका, अर्दो आजी, आत्या, मी. शेखनी तुला सलाम केला, तब्येत विचारली, नैरोबीत पाऊस आहे का ते विचारलं. मग म्हणाले, "बहिणी, अल्लाला साक्षी ठेवून सांग. या मुलाला किती वेळा?"

तू म्हणालीस, "तीनदा."

"आठवतंय नक्की? बावीस वर्षं झाली."

"तीनदा. तिसऱ्या वेळी त्याने अर्ध्यावरच सोडलं. विमान आलं, मी उठले."

ते अर्ध्यावर सोडल्याचं तुला कसं सुचलं, याचा मी नंतरही विचार केला. त्या एका तपशिलामुळे सगळ्यांनी विश्वास ठेवला. मीसुद्धा क्षणभर ठेवला.

"म्हणजे धरण्यासारखी दोनच," शेख म्हणाले. आत्याने जीभ हलवून अशी ललकारी दिली की वरच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बाहेर आले. काका म्हणाले, "शेखसाहेब, जेवायला येतो म्हणाला होतात, आता मागे फिरू नका." अर्दो आजीने माझ्याकडे बघितलं नाही. "मला ताप होता," एवढंच ती म्हणाली, कोणी विचारलेलं नसताना. समतर समोरच्या खुर्चीवरून माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. त्या वेळी मला काही टोचत नव्हतं, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. मी खूश होते.

काल दुपारी त्याने मला बसमध्ये बोलावलं. शनिवारी त्याच्याकडे बस धुवायचं काम असतं. मी पुढच्या सीटवर बसले, तो काचा पुसत होता. बसला वाळलेल्या संत्र्याच्या सालींचा वास येत होता. तो तुझ्याबद्दल बोलत होता. लग्नाला तिला बोलावू, कागदपत्रं मी बघतो, वगैरे.

"तीनदा का असेना," तो म्हणाला, "तिचं दूध माझ्या अंगात आहे. नाहीतर मी मेलोच असतो."



त्याने फडकं पिळलं. "इदिल, तू इस्पितळात असतेस म्हणून विचारतो. म्हातारी शुद्धीत नव्हती. पाणी नव्हतं. खायला तर काहीच नव्हतं. तेवढी वाट दीड वर्षाचं पोर तीनदा पिऊन जगतं?"

त्याने विचारलं नसतं तर मी आयुष्यभर गप्प बसले असते. हे मी नक्की सांगू शकते, कारण बसायचं मी ठरवलंच होतं. पण मला प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग किती?"

मी सांगितलं. अयानलेचं, वाळूचं, रोजचं, दोन्ही हात पुढे करण्याचं. तो चालकाच्या सीटवर जाऊन बसला आणि चाकावर हात ठेवून समोर बघत राहिला, बस चालू असल्यासारखा.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"फोनच्या आधीपासून."

"आणि तू हसलीस."

"हो."

मग मी जे बोलले ते तुला माहीत असायला हवं, म्हणजे खोटं बोलणारी तू एकटीच, असं तुला वाटणार नाही. मी म्हटलं, "शेखनी निकाल दिलाय. पाजणारीनेच सांगितलंय. आपण दोघं सोडून कोणालाही कळायचं कारण नाही. समतर, आपण हे विसरू शकतो."

त्याने चाकावरचे हात खाली घेतले. मला वाटलं, तो हो म्हणेल. त्याच्या जागी मी असते तर म्हटलं असतं.

"माझ्याकडे आईचा फोटो नाही," तो म्हणाला. "नाकीडोळी कशी होती तेही कोणी सांगत नाही, म्हातारी रडायला लागते. मी कोणाकडे बघून हात पुढे करायचो, हे आज मला पहिल्यांदा कोणी सांगितलं." मग म्हणाला, "ती माझी आई आहे, इदिल."

त्याच्या आवाजात दुःख होतं. मी त्याला ओळखते, दुःख खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि तेही मी ओळखलं. त्याला आनंद झाला होता.

मी बसमधून उतरले. त्याने हाक मारली नाही.

तू मला एक गोष्ट देऊ केलीस आणि ती मी दोन दिवसही ठेवू शकले नाही. यात तुझी चूक नाही. माझीही आहे असं मला वाटत नाही. कोणाची तरी असती तर बरं झालं असतं.

इदिल

कार्डिफ, १८ एप्रिल

हूयो,

हे पत्र ज्याने तुझ्या हातात दिलं, तो तुझा मुलगा आहे. त्याच्या कपाळावर डावीकडे एक व्रण आहे. तो वाटेवरचा की नंतरचा, ते अर्दो आजीला आठवत नाही. तुला आठवत असेल तर त्याला सांग.

शेखना त्याने स्वतः जाऊन सांगितलं. शेख रागावले नाहीत. म्हणाले, "तुझी आई खोटं का बोलली ते अल्लाला कळतं, मला कळायची गरज नाही." तुला त्यांनी सलाम सांगितला आहे. आत्या माझ्याशी बोलत नाही. अर्दो आजीने फोन केला होता, पण पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिने ठेवून दिला.

समतरने तुझ्यासाठी रक्तदाबाच्या गोळ्या, एक चादर आणि चष्मा आणला आहे. चष्म्याचा नंबर मी जामांकडून अंदाजाने घेतला, तू कागद किती लांब धरतेस ते त्यांना विचारून. चुकला असेल. तिथे तपासून घे.

तो तुला हूयो म्हणेल. मी त्याला आरशासमोर म्हणताना ऐकलं आहे. तू त्यालाही हूयो म्हणशील, आई लेकराला म्हणते तसं. म्हण. तो त्यासाठीच एवढ्या लांब आला आहे. अयानलेची जागा कुठे होती ते तो विचारेल. तिथे आता रस्ता आहे की शेत आहे हे मला माहीत नाही, आणि दगडांबद्दल तू सांगितलं आहेस. पण त्याला जायचं आहे. तो म्हणतो, त्याच्या वाटणीचं मी प्यायलो. मी त्याला समजावून सांगितलं की असं नसतं, त्या मुलाने आधीच पिणं सोडलं होतं. त्याने ऐकून घेतलं.

मी येणार नाही. आत्ता नाही, आणि पुढचं मला सांगता येत नाही. तू मला सोडून अयानलेकडे गेलीस असं वाटायचं तेव्हा तुझ्यावर रागवायला सोपं होतं. आता मी रागावलेले नाही आणि त्याने काहीही हलकं झालेलं नाही. रिकाम्या पाठीवर मी बसले होते. ते वजन तू कसं पेललंस, हे मला विचारायचं नाही. तू सांगशील म्हणून.

पत्र न्यायला तो काल आला होता. तयार नव्हतं, आज परत ये म्हणून सांगितलं. पूर्वी तो आला की आत्या बैठकीचं दार उघडं ठेवायची आणि समोर खुर्ची टाकून बसायची. काल ती कोट घालून निघाली होती. कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलली. "बाजारात जाऊन येते," म्हणाली. "दार लावून बसलात तरी चालेल. भाऊ आहे."

बेल वाजली तेव्हा सवयीने मी ओढणी घ्यायला खोलीत गेले. डोक्यावर घेतली. मग लक्षात आलं की त्याची गरज नाही. भावासमोर डोकं झाकायचं नसतं. समतरने माझे केस कधी पाहिलेले नव्हते. एकदा त्याने विचारलं होतं, किती लांब आहेत, आणि मी म्हटलं होतं, निकाह झाल्यावर मोजून घे. मी ओढणी काढून पलंगावर ठेवली आणि दार उघडलं.

त्याने एकदा पाहिलं. मग तो खाली, पायपुसण्याकडे बघायला लागला. पत्र झालं का, असं त्याने विचारलं. उद्या, मी म्हटलं. ठीक आहे, तो म्हणाला. आत येण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन पायऱ्या उतरल्यावर तो थांबला.

"गार वारा येतोय," वर न बघता म्हणाला. "दार लावून घे, ताई."

मी लावून घेतलं.

इदिल